मधोमध कापलेला दरवाजा

"काम सुरू असताना हा दरवाजा बंद. का, ते विचारायचं नाही."

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला हे बजावलं. बजावताना माझ्या अंगावर बोटाने टकटक केली, जणू मी त्यांचा साक्षीदार. तोच दरवाजा मी, बोलतोय. तेव्हा अखंड होतो. आता मधोमध कापलेला आहे: कमरेपर्यंतचा खालचा भाग बंद, वरचा उघडा. आणि आज सुतारकाका माझ्यासमोर लोखंडी पट्ट्या, स्क्रू आणि गोंदाचा डबा मांडून बसलेत, मला पुन्हा एकसंध करायला. म्हटलं, आपलं तोंड बंद व्हायच्या आत बोलून घ्यावं.

मी जाड लाकडाचा आहे. मला घडवणाऱ्याला सासऱ्यांनी ताकीदच दिली होती, फटीतून आवाज जाता कामा नये. सासरे तेव्हा तरुण वकील. पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस, मागे घर, मधे मी. पक्षकार आले की मी बंद. माझ्या एका बाजूला कायद्याचा कीस पाडणं चालायचं, दुसऱ्या बाजूला "शू, बाबांचं काम चाललंय." हे सासूबाई म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी दुसरं काही ठासून म्हटल्याचं मला आठवत नाही.

एकदा त्यांचा मुलगा, म्हणजे आता तिचा नवरा, तापाने फणफणला होता. एवढासा पोर. बाबा हवेत म्हणून येऊन माझ्यावर कपाळ टेकवून उभा राहिला. पलीकडे खटल्याची चर्चा रंगात आली होती. कुणी उठलं नाही. त्या कपाळाचा चटका मला अजून आठवतो. लोक याला शिस्त म्हणतात. म्हणोत बापडे.

पुढे वकिली थांबली आणि खोलीत जुन्या फायलींवर धूळ चढली. ती तेव्हा एका फर्निचरच्या कारखान्यात सोफ्या-खुर्च्यांना गाद्या बसवायच्या विभागात होती. कॉलेजात हेच शिकलेली. मुलगी झाली, आणि कारखान्याने तिची कामाची पाळी अशी बदलली की नोकरी आपोआप सुटावी. तिने ती सोडली आणि घरी येऊन सांगितलं, "पुढची खोली मला हवी. मी स्वतःचं काम सुरू करतेय."

"करू दे, तेवढाच वेळ जाईल तिचा," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. राहतात वेगळ्या, पण आपली मतं इथेच ठेवून जातात.

अट तीच, दरवाजा बंद. तिने पाळून बघितली. अलीकडे हातोडी, पलीकडे मुलीचं रडणं. "रडून रडून सवय होईल," आत्याबाई म्हणाल्या. ती मुलीला झाली नाही आणि आईलाही झाली नाही. मग तिने मला सताड उघडं ठेवलं, तर मुलगी रांगत थेट आत, आणि एका दुपारी तिच्या मुठीतून बारीक खिळा निघाला. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"झालं समाधान?" सासरे म्हणाले. "घर की धंदा, एक काय ते ठरव."

तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आली. नवऱ्याने मला घट्ट धरलं आणि तिने कापलं. दुखलं, खोटं कशाला बोलू.

"हळू, बाबा झोपलेत," नवरा कुजबुजला.

"उठले तर बरंच. वरचा भाग धरायला आणखी एक माणूस हवाच आहे."

तेव्हापासून खिळे अलीकडे, मूल पलीकडे, आणि माझ्यावरून दोघी एकमेकींना दिसतात. पलीकडे ठेवलेल्या चौरंगावर मुलगी माझी कड धरून उभं राहायला शिकली. दात आल्यावर तीच कड कुरतडायला लागली, म्हणून तिचं नाव पडलं खारू. माझ्या अंगावर इतक्या प्रेमाने कुणी खुणा केल्या नव्हत्या. गिऱ्हाईकं येतात, माझ्यावरून डोकावतात, कुणी विचारतं, "मूल सांभाळून जमतं का हो हे?" ती विचारते, "तुमच्या आधीच्या कारागिराला विचारलं होतंत?"

या कामाची एक रीत आहे. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, म्हणून खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. तोवर बोलता येत नाही. हे खारूलाही कळतं. ती हाक मारते, आई हातोडीने फळीवर ठोकून ओ देते, खारूचं भागतं.

मोठ्यांना मात्र उमगलं नाही. परवा नाट्यगृहाच्या मॅनेजरबाईंचा निरोप आला: सगळ्या खुर्च्या नव्याने करायच्या आहेत, आधी तुमची कामाची जागा बघायला येते. हे काम मिळालं तर तिचा धंदा उभा राहणार, नाहीतर शेजाऱ्यांची स्टुलं आहेतच. ती एका खुर्चीवर वाकलेली असताना सासरे आणि आत्याबाई येऊन उभे राहिले.

"मोठं गिऱ्हाईक आहे," सासरे म्हणाले. "लाळेरी, खेळणी पाहून कोण काम देईल? दरवाजा जोडून घेतो. हरकत नाही ना तुझी?"

तिच्या ओठांत खिळे, मुठीत ताणलेलं कापड. तिच्या घशातून नुसतंच "अं, अं" निघालं.

"हो म्हणाली," आत्याबाईंनी निकाल दिला. "आली बाई ताळ्यावर."

खिळे तळहातावर काढून ती मागे धावली. "बाबा, मी नाही म्हणत होते."

"शब्द फिरवू नकोस आता," आत्याबाई म्हणाल्या. सासरे म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे काय, ते आज सकाळी कळलं. ती फोम आणायला गेली आणि सुतारकाका आले, पाठोपाठ आत्याबाई. सासऱ्यांनी खारूला उचलून मागच्या खोलीत सासूबाईंकडे नेलं. तिचं रडणं मला इथवर ऐकू येतंय.

आणि ही आली ती. खांद्यावर फोमचा गठ्ठा, मागोमाग मॅनेजरबाई.

"सुतारकाका, हे काय?"

"साहेबांनी बोलावलं, ताई. म्हणाले, तुम्हीच हो म्हणालात."

"गिऱ्हाईकासमोर नको," सासरे दबक्या आवाजात म्हणतात.

"गिऱ्हाईकासमोरच." ती गठ्ठा खाली टाकते, आत जाते, खारूला आणून माझ्या पलीकडे तिच्या जागेवर उभी करते. सासूबाईही मागोमाग येतात. "मॅनेजरबाई, ही माझी मुलगी. मी काम करते तेव्हा ही इथे असते. दिसते, ओरडते, तिच्यासाठी मला मधे थांबावंही लागतं. खुर्च्या वेळेवर मिळतील. पण काम असंच होणार. पटत नसेल तर आत्ताच सांगा."

 मॅनेजरबाई नमुन्याच्या खुर्चीत बसून गादी दाबून बघतात. 

"याला उद्धटपणा म्हणतात, सूनबाई," आत्याबाई म्हणतात. "माझ्या भावाने जन्मभर याच खोलीत काम केलं. घराचा आवाज कधी बाहेर आला नाही."

"कारण पलीकडे आई होत्या. मूल, ताप, रडणं सगळं त्यांनी झेललं, म्हणून बाबांचा दरवाजा बंद राहिला. माझ्याकडे बायको नाही, आत्या."

सुतारकाका खोकल्याआड हसू लपवतात.

"दरवाजा माझा आहे," सासरे म्हणतात.

मला कुणी विचारत नाही, पण तुम्ही ऐकताय म्हणून सांगतो. मला जोडू नका. अखंड होतो तेव्हा मी फक्त अडवत आलो.

"दरवाजा तुमचा, बाबा. काम माझं आहे आणि मूलही माझं आहे. दोन्ही मी करणार, आणि लपवून करणार नाही. तुम्ही जोडलात तर मी पुन्हा कापीन. नाही. हा जोडायचा नाही."

सासरे सासूबाईंकडे बघतात, त्यांनी काहीतरी सावरून घ्यावं म्हणून. सासूबाई पदराने खारूचं नाक पुसतात, मान वर करत नाहीत. सुतारकाका गोंदाच्या डब्याला झाकण लावून पट्ट्या आवरायला लागतात. सासरे त्यांना अडवत नाहीत, आणि हे मी या घरात पहिल्यांदाच बघतोय.