न सापडलेली करंगळी

मित्रांनो, मी मादागास्करच्या पूर्वेकडच्या डोंगरातली एक जुनी वेल. भोपळ्याच्या भाऊबंदांतली, पण या बेटाबाहेर माझं कुणी नाही. माझी फुलं पांढरी, कडेला झालर कातरलेली. खाली पडलेली माझी फळं फोडून पोरं बिया भाजून खात.

मी वाढले झाफीबे आजोबांच्या थडग्यावर. थडग्याजवळचं पानसुद्धा तोडायचं नाही, असा इथला नेम. शेतासाठी भोवतालचं रान जाळलं, तरी माझ्यापाशी आग विझवली जाई. मला वाटायचं, माणसांचा माझ्यावर जीव आहे. कसलं काय! मान होता तो हाडांना.

गेल्या थंडीत रस्त्याजवळ सिमेंटचं नवं थडगं बांधलं. काल आजोबांची हाडं नव्या कापडात गुंडाळली आणि गात-नाचत नेण्याची तयारी झाली. नातू तोतोझाफी माझ्याकडे बघून म्हणाला, "आता इथं काय उरलंय? उद्या कोयता घालू. भात झकास येईल."

त्याची आत्या सुआझारा, आजोबांची लेक, माझ्या सावलीत म्हातारी झालेली. ती लगबगीनं पुढं झाली.

"थांब रे! बाबांची डाव्या हाताची करंगळी कापडात आली नाही. ती इथंच राहिलीय."

सगळ्यांनी कापड खाली ठेवलं. मला वाटलं, वाचले! पण आजोबांना करंगळीवाचून कोण पाठवील? तोतोझाफीनं मातीवर दारू शिंपडली, मान खाली घातली.

"आजोबा, चुकलं आमचं. रागावू नका."

आणि कुदळ घातली. हळुवार, अगदी भक्तिभावानं खणलं. मूठ मूठ माती बोटांनी चाळली. माझी मुळं आड आली, ती तोडली.

"आत्या, नीट पाहिलं होतंस ना?"

बापाच्या हाडाबद्दल खोटं बोलले, हे ती कोणत्या तोंडानं सांगणार?

"माती झाली असेल रे तिची," ती पुटपुटली.

मग मूठभर माती कापडात बांधून त्यांनी वाजतगाजत नेली. माफी मागितली ती आजोबांची. माझी कुणीच नाही.

आता मी खड्ड्याच्या काठाशी पडून आहे. शेंड्याकडची दोन फुलं आज उमलली. त्यांना अजून खालचं काही कळलेलं नाही.

मित्रांनो, मला पाणी घाला, कुंपण घाला, असं मी म्हणणार नाही. त्याची वेळ गेली. सुआझाराचाही मला राग नाही. "वेल जिवंत आहे, राहू दे," एवढं म्हणून भागलं असतं, तर ती बिचारी खोटं कशाला बोलली असती? तुमच्या गावात तरी एवढं म्हणून भागतं का?