उत्तर पंधरा दिवस आधी सादर करावे

रकाना १. अर्जदाराचे पूर्ण नाव, वय, व्यवसाय

जयवंत सखाराम कांदळगावकर. सहासष्ट. निवृत्त लिफ्टमन.

हे खरं आहे आणि निरुपयोगी आहे. लालबागेत या नावाने विचाराल तर शेजारच्या खोलीतला माणूसही डोकं खाजवेल. जयवंतबुवा म्हणा, पानवाला कात लागलेला हात पुसत जिन्यापर्यंत आणून सोडेल. एक्केचाळीस वर्षं बुवा डबलबारीला बसत होते, आणि समोरच्या बुवाचा वार आला पण यांचं उत्तर गेलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. उत्तर कधी कधी वाईट असे. पण जाई.

रकाना २. कार्यक्रमाचे स्वरूप (एका ओळीत)

एका ओळीत मावलं नाही म्हणून बुवांनी समासात लिहिलं, आणि अर्ज पहिल्यांदा परत आला तो त्याच कारणासाठी.

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर. दोघांची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, मागे झांजा धरून बसलेला कोरस वेगळा. देव तेवढा एक. आधी अभंग होतो, गवळण होते, लोक माना डोलावतात आणि मधूनच घड्याळ बघतात, कारण ज्यासाठी ते गावाहून आलेल्या पाहुण्यांना ओढून आणतात ते पुढे असतं. गजर लागला की एक बुवा दुसऱ्याचा उद्धार करतो. सूर काढतो, वय काढतो, गाव काढतो. दुसऱ्याने ते तिथल्या तिथे, त्याच ठेक्यात, यमक जुळवून परत करायचं. पाणी प्यायलाही थांबायचं नाही. उत्तर उद्या सुचलं तर ते उत्तर नव्हे.

रकाना ३. कक्षाचे साहाय्य का मिळावे?

कारण हॉल कक्षाच्या ताब्यात होता. दुसरं कारण नव्हतं. परळ-दादरचे बाकीचे परवडणारे हॉल म्हणाल तर एक दुरुस्तीला गेलेला, एक टॉवरखाली गेलेला, आणि एक कायमचा लग्नांना गेलेला.

मनोरंजन उद्योग साहाय्य व देखरेख कक्ष हा वॉर्ड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीला लागून होता. साहाय्य म्हणजे हॉल, माईक, एक बॅनर आणि पाण्याच्या दोन बाटल्या. देखरेख म्हणजे बाकी सगळं. कक्षाचे प्रमुख उन्मेष विजयकर गिरगावातल्या जुन्या, शिकलेल्या घरातले. त्यांनी डबलबारी कधी ऐकली नव्हती, पण तिच्या जतनावर दोनदा सादरीकरण केलं होतं, आणि दोन्ही वेळा चहाच्या आत संपवलं म्हणून वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली होती.

"संपूर्ण संहिता पंधरा दिवस आधी लागेल," विजयकर म्हणाले. "दोन्ही बाजूंची. सवाल आणि जवाब."

"साहेब, जवाब तिथे सुचतो."

"तिथे म्हणजे?"

"मांडी घातली की."

"मग घरी मांडी घाला."

"समोरचो काय बोलतलो ता माका आधी कसा कळतला?" बुवा गडबडले की मालवणीवर घसरत.

"त्याचीच तर सोय केली आहे. सुशांतबुवा त्यांचा सवाल आमच्याकडे देतील. आम्ही तपासून जावक करू. तो पोचला की तुम्ही जवाब द्या. तो तपासून आम्ही त्यांना जावक करू. कुणालाच धक्का बसणार नाही."

"धक्को बसाचो नसात तर लोक कित्याक येतले?"

विजयकरांनी हेसुद्धा लिहून घेतलं. 'प्रेक्षकसंख्येबाबत अर्जदार साशंक,' असं लिहिलं.

त्या दिवशी बुवा संहितेच्या अटीवर सही न करता जिना उतरले. घरी पोचायच्या आत फोन आला. सुशांतबुवा, चौतीस वर्षांचा, भायखळ्याचा. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात, रविवारी पेटीवर. समोर बसायचं होतं ते याच्याच.

"बुवा, सही करून टाका. पोस्टर लागले सगळीकडे. हा हॉल गेला तर दिवाळीपर्यंत तारीख नाय."

"तू केलंस?"

"मी कधीच केली. माझे पुढचे तीन कार्यक्रम त्यांच्याच हॉलात आहेत. लोक काय बोलतायत माहीत आहे? म्हातारा घाबरला, कागदाचं निमित्त करतोय."

दुसऱ्या दिवशी बुवांनी सही केली. तीन प्रतींवर.

रकाना ४.

लागू नाही.

रकाना ५. प्रतिस्पर्ध्याचा सवाल (कक्षाने तपासलेला)

सुशांतने मूळ लिहून दिलं होतं ते असं, त्यानेच फोनवर गाऊन दाखवलं:

फुटक्या घागरी पाणी ठरना,
म्हाताऱ्या बुवाक सूर गावना.

गावना म्हणजे सापडेना. चांगलं होतं. बुवांनी मनात कबूल केलं. जखम करणारं आणि ठेक्यात बसणारं. खाकी पाकिटातून, जावक क्रमांक लावून, घरी आलं ते असं:

घागरीच्या देखभालीकडे लक्ष द्यावे,
ज्येष्ठ बुवांच्या सुरात सुधारणेस वाव आहे.

खाली टिपा होत्या. 'फुटक्या' या शब्दाने पाणी खात्याबद्दल गैरसमज पसरू शकतो. 'म्हाताऱ्या' हे ज्येष्ठ नागरिक धोरणाशी विसंगत. 'गावना' याचा अर्थ लागला नाही.

रकाना ६. अर्जदाराचा जवाब

बुवा दोन दिवस मांडी घालून बसले. रमाबाई लांब वही घेऊन समोर. नवऱ्याचं अक्षर हल्ली थरथरायचं, म्हणून लिहिण्याचं काम बायकोकडे आलं होतं.

"परत वाच."

तिने वाचलं.

"रागच येना नाय गो," बुवा म्हणाले.

"येतलो कसो? सुधारणेस वाव. पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिवतत तसा."

"समोर कोणतरी होयो. भिंतीक काय उत्तर देऊ?"

रमाबाईंनी वही खाली ठेवली. पदर खोचला. नवऱ्याच्या समोर, सुशांत बसेल तशी, ऐटीत मांडी घातली. "काय रे जयवंता," त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्सा गळो काढतंस, घरातलो गिझर दुरुस्त करूक जमलो तुका?"

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि आजवर त्या 'तुमी' खाली उतरल्या नव्हत्या. तो 'रे' बुवांच्या कानात लिंबू पिळल्यासारखा गेला. पाठ ताठ झाली, बोटांनी मांडीवर ठेका धरला, आणि तोंडातून आपोआप निघालं:

गिझर थंड पडलो तरी गळो माझो तापता,
सूर ऐकान समोरचो बुवा चळचळा कापता.

"थांबा, थांबा, लिवू देत," रमाबाई म्हणाल्या आणि परत 'तुमी'वर आल्या.

वर पाठवलं. आठ दिवसांनी पाकीट. 'गिझर' या उपकरणाची जाहिरात टाळावी. 'कापता' हिंसक. वेळेअभावी जवाब कक्षानेच सुधारून दिला होता, वर गोल शिक्का:

आपल्या सूचनेची नोंद घेतली,
पुढील कार्यवाही करतो.

रमाबाईंनी तो कागद चष्मा वर-खाली करून दोनदा वाचला. "ह्या तर तुमी माका रोजच सांगतास," त्या म्हणाल्या.

रकाना ७. पारदर्शकता

मंजूर संहिता नागरिकांसाठी वेबसाइटवर टाकण्यात आली आहे.

कक्षाची वेबसाइट कोणी बघत नाही, अशी कक्षाचीसुद्धा समजूत होती. पण लालबाग-परळच्या भजनी मंडळांचा व्हॉट्सॲप ग्रुप आठशे माणसांचा आहे, आणि त्यात एक नग असा आहेच की जो सरकारी वेबसाइट बघतो.

रविवार, दुपारचे चार. हॉल गच्च. पहिल्या रांगेत विजयकर, मांडीवर फाइल, हातात पेन्सिल. प्रत्येक मंजूर ओळीवर बरोबरची खूण करायला. साऊंडवाल्याला सूचना दिलेली होती: संहितेबाहेर शब्द गेला तर त्या बुवाचा माईक बंद. साऊंडवाला पालिकेचा होता. त्याने मान हलवली, कारण सूचना आली की मान हलवायची हे त्याला नोकरी लागतानाच समजलं होतं.

अभंग झाला, गवळण झाली. विजयकर बोटांनी ताल देत होते, चुकीचा. मग सुशांतने गजर लावला, पखवाज कडाडला, आणि त्या ठेक्यावर तो पोरगा, आवाजाने वाघासारखा, गायला:

ज्येष्ठ बुवांच्या सुरात सुधारणेस वाव आहे.

ओळ बसेना. त्याने 'वाव'ला दोन गिरक्या दिल्या, तरी ती ऑफिसातल्या खुर्चीसारखी कुरकुरत राहिली. लोक हसले. वार लागल्यावर लोक हसतात ते बुवांच्या अंगवळणी पडलेलं होतं. हे तसलं नव्हतं. हे घसरून पडलेल्या माणसाला हसतात तसं होतं.

आता बारी बुवांची. त्यांनी पेटीवर सूर धरला, तोंड उघडलं, तोच मागच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "आपल्या सूचनेची."

अख्खा हॉल म्हणाला, "नोंद घेतली."

फोन उघडलेले होते. प्रत्येकाकडे उत्तर होतं. "पुढील," मागून आलं. "कार्यवाही करतो," हॉलने ठेक्यात, टाळ्यांवर, आरतीसारखं म्हटलं. विजयकर सुखावले. त्यांनी फाइलवर 'लोकसहभाग' असं टिपलं आणि ओळीवर बरोबरची खूणही करून टाकली. बुवा अजून काहीच गायले नव्हते.

एक्केचाळीस वर्षांत बुवांचं उत्तर त्यांच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तोंडून गेलं नव्हतं. कोरसवाले त्यांच्याकडे बघत होते; झांजा हवेत थांबलेल्या. बुवांच्या डोक्यात एकच गोष्ट स्वच्छ होती. या दोन ओळी गायल्या की आपण फक्त लिफ्टमन. वर जा म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली.

त्यांनी समोरचा शिक्क्याचा कागद उलटा केला आणि गायले:

सुधारणेचो वाव दाखवतंस, तुझ्या सुराक नाव काय?
कागद बघान गातंस सुशांता, तुझो सांग गाव काय?

पेन्सिल थांबली. विजयकरांनी फाइलीचं पान उलटलं, परत उलटलं, मग साऊंडवाल्याकडे बघून हात वर केला. माईक गेला.

पाचशे माणसं गप्प झाली, कारण आता ऐकायचं तर गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता. पखवाजवाल्याने हात हलका केला. बुवा थांबले नाहीत. माईकशिवाय तो आवाज, खरं सांगायचं तर, फुटक्या घागरीचाच होता. आणि तिसरी ओळ आली ती अशी:

सूर इकलंस, ताल इकलंस, हातात रवलो पाव काय?

सूर-ताल विकून हातात उरलेला हा पाव कुठून आला ते बुवांनाही कळलं नाही. 'वाव'ला जुळला, एवढाच त्याचा संबंध. लंगडी ओळ होती. अर्धा हॉल हसला, अर्ध्याने चुळबुळ केली. पण उत्तर गेलं होतं, आणि ते आधी कोणी वाचलेलं नव्हतं.

आता सगळे सुशांतकडे बघत होते. त्याचा माईक चालू होता. मंजूर झालेला पुढचा कागद समोर होता. त्याचे तीन कार्यक्रम पहिल्या रांगेत फाइल घेऊन बसले होते. त्याने एकदा तिकडे बघितलं. मग माईकची दांडी हाताने बाजूला सारली, पेटीवर वाकला आणि उघड्या गळ्याने दिलं:

पाव तरी माझो कष्टाचो रे, तुझी झांज सरकारी,
वाघ म्हणान मिरवलंस आणि सही केलंस दरबारी.

हॉल कोसळला. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांचे हात बडवणं. तिसऱ्या रांगेतली एक बाई हसता हसता शेजारणीच्या मांडीवर आडवी झाली.

बुवांना उत्तर समोर दिसत होतं. सही कर म्हणून फोन यानेच केला होता. एवढंच बांधायचं होतं, दोन ओळीत. सरकारी. दरबारी. पखवाजाचं एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. कोरसवाल्यांनी झांजा उचलून धरल्या, त्यांचे दंड भरून आले. तिसरं आवर्तन गेलं आणि बुवांनी पेटीवरचा हात उचलून कपाळाला लावला. हरलो, असा त्याचा अर्थ. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

विजयकर अजूनही सुशांतची ओळ फाइलमध्ये शोधत होते.

रकाना ८. देखरेख अधिकाऱ्याचा अभिप्राय

खरं लिहायचं तर विजयकरांना आधी स्वतःचा खुलासा लिहावा लागला असता. म्हणून त्यांनी पुढीलप्रमाणे लिहिलं.

'कार्यक्रम मंजूर संहितेनुसार व शांततेत पार पडला. नागरिकांना संहिता मुखोद्गत असल्याचे आढळले. उत्तरार्धात दोन्ही कलाकारांनी स्वयंस्फूर्तीने ध्वनिवर्धकाचा वापर टाळून ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचा आदर्श घालून दिला. दोघांनाही प्रशस्तिपत्र द्यावे. सदर कार्यपद्धती शक्ती-तुरा, नमन इत्यादी कलाप्रकारांनाही लागू करावी.'

शिफारस तीन दिवसांत मंजूर झाली. इतक्या वेगाने त्या इमारतीत आजवर फक्त पंखे काढून नेले गेले होते.

रकाने इथे संपतात.

बुवा आठ दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. प्रशस्तिपत्र आलं ते त्यांनी उघडलं नाही. रमाबाईंनी उघडलं, वाचलं, आणि डब्याखाली घातलं. बुवा तोंडातल्या तोंडात यमकं चघळत होते. तरकारी. भिकारी. कारभारी. फोन केलंस, सही मागलंस... पुढे गाडी अडे.

"जेवान घेवा," रमाबाई म्हणाल्या.

"थांब."

"आठ दिस थांबलंय. तो सुशांत काय बसान रवलोहा तुमच्या उत्तराक?"

"माझ्यासाठी होया माका."

रमाबाईंनी कढीची चव घेतली, चिमूटभर मीठ घातलं, परत चव घेतली. मग सहज, पळीकडेच बघत म्हणाल्या, "माका सुचलाहा."

बुवा थबकले.

"बरा आसा," त्या म्हणाल्या. "दोनच ओळी. ठेक्यात बसता."

"सांगा नको."

"फोनाचा पण येता त्याच्यात."

"सांगा नको म्हटलंय ना."

"बरा." त्यांनी पळी कढईच्या काठावर ठेवली आणि ताट वाढायला घेतलं. वाढता वाढता बोटं ताटाच्या कडेवर वाजत होती, ठेका स्पष्ट होता, शब्द नव्हते. बुवांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि गॅलरीत निघून गेले.