दोन साडू आणि तीन चाकं

त्याला सगळे 'मोजमाप' म्हणायचे आणि त्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बत्तीस वर्षं वजनकाटे तपासण्याची नोकरी केलेला माणूस. तो लांबून दिसला तरी दुकानदार वजनं पुसायला घ्यायचे. निवृत्त झाला आणि तपासायला काटे उरले नाहीत, मग घराची पाळी आली. बायकोने पडदा लावला की हा टेप घेऊन हजर. "डावीकडे बोटभर खाली आहे," म्हणायचा. बायको म्हणायची, "मग डावीकडून बघू नका."

त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, अगदी दुसरं टोक. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. चाक जरा वाकडं आहे का हो? चालतंय! ब्रेक कमी लागतोय? चालतंय की! त्यामुळे त्याचं नावच 'चालतंय' पडलं. हात मात्र सोन्याचा. गेल्या वर्षी दुकान बंद करावं लागलं, तेव्हापासून तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करत होता.

या दोन विरुद्ध टोकांनी मिळून एक गाडी घेतली, हेच मुळात नवल. पंचेचाळीस वर्षांची स्पोर्ट्स कार, दोन सीटांची, छत उघडणारी, रंगाने लाल. लाल म्हणजे कधी काळी लाल. इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांचा संसार. पण बॉनेटचा तो लांब, उतरता आकार बघितला आणि दोघंही खुळावले. गेले आठ महिने दर रविवारी मोजमापच्या गॅरेजमध्ये दोघं काळ्या हातांनी चहा पीत होते. एकवीस वर्षं एकमेकांना "अहो साडूभाऊ" आणि "तुम्ही" म्हणणारी माणसं ही. आता त्या 'अहो'त जरा जीव आला होता. खरं सांगायचं तर मोजमापला मित्र असा आयुष्यात कधी नव्हताच. काटे तपासणाऱ्याशी मैत्री कोण करणार? साठी ओलांडल्यावर त्याला रविवारची वाट बघायची सवय लागली होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती.

मग आला इंजिन स्टँडचा विषय.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन गाडीतून बाहेर काढलं की ते ठेवायचं कुठे? जमिनीवर ठेवलं तर कंबर मोडते. म्हणून चाकांचा एक लोखंडी स्टँड असतो. इंजिन पाठीकडून चार बोल्टनी त्याला जखडायचं, की ते हवेत राहतं आणि हवं तसं फिरवता येतं. मोजमापने तीन आठवडे अभ्यास केला. इंजिनचं वजन, स्टँडची ताकद, चाकांचा घेर, गॅरेजच्या दाराची रुंदी, सगळं वहीत लिहिलं. शेवटी चार चाकांचा, हँडल फिरवलं की इंजिन आपोआप उलटं होणारा, दणकट स्टँड त्याने मागवला. तो येणार शुक्रवारी. आणि गुरुवारी संध्याकाळी चालतंय हातगाडीवर घालून एक स्टँड घेऊन आला. मागे दोन चाकं, पुढे एकच लांब पाय आणि त्याला एक चाक. गंजलेला.

"वर्कशॉपमध्ये पडून होता, साडूभाऊ! मालक म्हणाला, घेऊन जा. फुकट!"

मोजमापने स्टँडला बोट लावलं. स्टँड डुलला.

"हा कलंडेल."

"नाही हो कलंडत. थोडं काम केलं की चालतंय."

इथे थांबायला हवं होतं. पण माणसाची जीभ ब्रेक नसलेल्या सायकलसारखी असते, उतार लागला की सुटते. तीन आठवड्यांचा अभ्यास कुणी असा मोडीत काढला की राग यायचाच. मोजमाप म्हणाला, "तुम्ही सगळं असंच चालवता. दुकानही असंच चालतंय चालतंय म्हणत बंद पाडलंत."

तेही 'तुम्ही' म्हणून, अगदी आदराने. त्यामुळे ते जास्तच झोंबलं. चालतंयचा चेहरा पडला. त्याने स्टँड पुन्हा हातगाडीवर चढवला आणि तो निघून गेला. मोजमाप दारात उभा राहिला. हाक मारावी असं त्याला दहा वेळा वाटलं, पण एकदाही मारली नाही.

रात्री बायकोला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "शाब्बास. एवढं मापून मापून बोलणारा माणूस, आणि नेमकं हेच माप चुकलं."

शुक्रवारी नवा स्टँड आला. काय दिमाखदार होता! शनिवारी भाड्याची छोटी क्रेन आली. रविवार उजाडला, नऊ वाजले, दहा वाजले, चालतंयचा पत्ता नाही. शेवटी बायकोने पदर खोचला. "चला, मी धरते. नाहीतर दिवसभर त्या दाराकडे बघत बसाल."

गिअरबॉक्स, क्लच वगैरे आधीच सुटं करून ठेवलं होतं. क्रेनने इंजिन उचललं, गाडी मागे ढकलली, इंजिन साखळीला लटकत राहिलं. मोजमापने नवा स्टँड पुढे सरकवला. खण्ण! पुन्हा सरकवला. पुन्हा खण्ण! क्रेनचे दोन पाय इंजिनखाली पसरलेले, आणि स्टँडलाही आपले दोन पाय तिथेच घालायचे होते. स्टँड होता चौऱ्याऐंशी सेंटिमीटर रुंद, क्रेनच्या पायांमधली जागा एकोणऐंशी. बाजूने घ्यावं तर भिंत.

मोजमापने वही उघडली. स्टँडची मापं होती, क्रेनची मापं होती, दाराची, भिंतीची, इंजिनची, सगळी होती. स्टँड आणि क्रेन या दोघांना शेजारी उभं करून मात्र बघायचं राहिलं होतं.

बायको आधी गालात हसली, मग तिला हसू आवरेना. "अहो, बत्तीस वर्षं!" एवढंच तिला म्हणता येत होतं. मोजमापलाही हसू आलं, पण ते लगेच विरलं. कारण याला हसणारा खरा माणूस इथे नव्हता. हे बघून चालतंय जमिनीवर लोळला असता. एवढा मोठा विनोद झाला आणि तो सांगायला साडूच नाही, याचं मोजमापला एकदम रडू येईल इतकं वाईट वाटलं.

त्याने इंजिन हळूच जुन्या टायरवर टेकवलं, हात पुसले आणि तो दोन गल्ल्या ओलांडून साडूच्या घरी गेला. वाटेत माफीची चार वाक्यं तयार केली. मेहुणीने दार उघडलं, कपाळाला हात लावला आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. "दोन दिवस तिथेच आहेत. जेवायलाही हाका माराव्या लागतात. घेऊन जा एकदाचे."

अंगणात चालतंय डोळ्यांवर काळा चष्मा चढवून वाकला होता. समोर तोच तीन चाकांचा स्टँड. गंज घासून काढलेला, चाकं नवी. आणि दोन्ही बाजूंना एकेक पाय नव्याने जोडलेला, हवा तेव्हा बाहेर ओढायचा, नको तेव्हा आत ढकलायचा. कलंडायची सोयच ठेवली नव्हती.

मोजमाप चारी वाक्यं विसरला. "क्रेनचे पाय आणि स्टँडचे पाय अडकले," तो म्हणाला.

चालतंयने चष्मा वर केला. "किती सेंटिमीटरने?"

"पाच."

"अरेरे," चालतंय म्हणाला. पण त्याच्या ओठांचे कोपरे हलले, हे मोजमापने पाहिलं.

हातगाडीवरून स्टँड आणला. त्याचा एकुलता लांब पाय क्रेनच्या दोन पायांमधून आरामात आत गेला. दोघं कामाला लागले, बोलणं कामापुरतं. वर घ्या, खाली घ्या, जरा डावीकडे. तीन बोल्ट सैलसर बसले. चौथ्याचं भोक जुळेना, म्हणून मोजमाप इंजिन आणि स्टँडच्या फटीत बोटं घालून चाचपायला लागला, आणि नेमकं तेव्हाच साखळीची एक कडी घसरली.

"अरे गाढवा, हात काढ!"

मोजमापने हात काढला. इंजिन इंचभर खाली येऊन ठण्णकन बसलं. बोटं आत असती तर राहिली नसती. चालतंय पांढराफटक पडला होता. मोठ्या साडूला गाढव म्हणाला होता तो, तेही अरे-तुरे करून.

"मला शेवटचं गाढव आईने म्हटलं होतं," मोजमाप म्हणाला. त्याला कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटत होतं. मग इतका वेळ अडकलेली माफी सुटली. "दुकानाबद्दल बोललो ते चुकलं माझं. फार चुकलं."

चालतंयने चौथा बोल्ट बसवला, हाताने फिरवला. "दुकान बंद केलं त्या दिवशी शटर ओढायला कोण आलं होतं? वीस वर्षांची गिऱ्हाइकं, एकही नाही. तू आलास. सगळी हत्यारं पुसून पेटीत भरलीस, मापाप्रमाणे लावून. दुसरा कुणी ते बोलला असता तर मी हसून सोडलं असतं. तू बोललास म्हणून लागलं."

मोजमापने पाना पुढे केला. चालतंयने चारही बोल्ट आवळले, क्रेनच्या पायांपलीकडे बाजूचे दोन्ही पाय बाहेर ओढले आणि क्रेन सैल केली. इंजिन जागचं हललं नाही.

"आणि ऐक," चालतंय म्हणाला. "पुढच्या वेळी मी रुसून जाणार नाही. भांडेन. रुसण्यात दोन दिवस फुकट गेले माझे."

"भांड की," मोजमाप म्हणाला. "पण इथेच थांबून भांड रे."