शुक्रवारची लिंबू-मिरची

नांदेडहून लातूरला येईस्तोवर अंबरीशचं अंग आंबून गेलं. दुकानं, गोदामं, लॉज अशा इमारतींवर बँकेनं कर्ज द्यावं की नाही, हे ठरवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता नोकरीत जीव रमावा असं एकच उरलं होतं: फिरतीवर दिसणाऱ्या, हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढणं. बँकेला कसलं आलंय त्याचं कौतुक!

आजची इमारत दत्तोपंत सरांची होती. शाळेत त्याला विज्ञान शिकवलं ते यांनीच. निवृत्तीची सगळी पुंजी घालून सरांनी शिकवणीवर्गांच्या गल्लीत कॉम्प्लेक्स बांधायला काढलं, आणि वर्ग गेले गावाच्या दुसऱ्या टोकाला. काम पुरं करायला आता कर्ज हवं होतं. त्यासाठी सर राहतं घरही तारण ठेवायला निघाले होते. पण गाळे भाड्यानं गेलेले दिसले, तरच कर्ज मिळणार होतं.

गाळे भरलेले दिसत होते. टेलर, झेरॉक्स, पार्लर. पाट्या मात्र सगळ्या नव्याकोऱ्या फ्लेक्सच्या. अंबरीशचा मोबाइल खिशातच राहिला. दारोदार टवटवीत लिंबू-मिरची लटकत होती, एकाच दोऱ्याची, एकाच हातच्या गाठीची.

“सर, हे कुणी बांधलं?” त्यानं सोबत फिरणाऱ्या सरांना विचारलं.

“मीच की, सकाळी. दुकान म्हटलं की लागतंच ते.”

अंबरीशला हसावं की रडावं कळेना. याच माणसानं भर वर्गात लिंबू कापून दाखवलं होतं, यात आंबट रसाशिवाय काही नसतं म्हणून.

“आज शुक्रवार आहे, सर. दुकानदार शनिवारी बांधतात.”

सर मटकन पायरीवर बसले. टेलर म्हणून आणून बसवलेला माणूस मशीन थांबवून बघत राहिला.

“माणसं उसनी आणलीत,” सर म्हणाले. “आता अहवालात काय लिहिणार तू?”

“गाळे रिकामे आहेत म्हणून.” त्याला स्वतःचीच लाज वाटली. “घर तरी वाचेल, सर.”

“हाव. घर वाचंल.” सरांनी दारावरच्या लिंबाकडं बघितलं. “जन्मभर पोरांना सांगितलं, असलं काही बांधू नका. स्वतःवर वेळ आली तर बांधलं, अन् वारसुद्धा ठाऊक न्हाई.”

मग उठून ते एकेका दारावरची लिंबं सोडायला लागले. हात पुरेना, तसा अंबरीश पुढं झाला.

“राहू द्या साहेब,” सर म्हणाले. “तुम्हाला उशीर होईल.”

सरांच्या तोंडून ‘तुम्ही’ त्यानं आज पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते त्याला फार लागलं.