वहाब सरांच्या धड्यांना मी रंग दिला

मित्रांनो, मी एक जुना प्लगइन आहे. म्हणजे नेमका कोण, हे सांगताना माझाच गोंधळ उडतो. मला आकार नाही, वजन नाही, कुणी मला उचलून फळीवर ठेवू शकत नाही. तयार झालेल्या संकेतस्थळाला मागाहून जोडायचा एक लहानसा प्रोग्राम, एवढीच माझी ओळख. माझं काम रंगवायचं. संगणकाला काम सांगण्यासाठी जे लिहितात, त्याला कोड म्हणतात. त्यातले हुकमाचे शब्द मी लाल करत असे, अवतरणचिन्हांतला मजकूर हिरवा, आणि लिहिणाऱ्यानं बाजूला टाकलेले शेरे राखाडी. त्या शब्दांचा अर्थ मला कळत नाही. मी नुसता ओळखतो आणि रंगवतो.

मला पुष्कळ जणांनी मिळून घडवलं. त्यातले बरेचसे एकमेकांना कधी भेटलेही नाहीत. मी इंटरनेटवर फुकट पडून होतो. तिथून मला हिमानीनं उचललं.

हिमानी ही वहाब सरांची जुनी विद्यार्थिनी. शहरातल्या शहागंजात चादरींच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सरांचा संगणकाचा क्लास आहे, वीसेक वर्षं झाली. फुलंब्रीहून, सिल्लोडहून मुलं-मुली एसटीनं येतात. सरांकडे शिकूनच हिमानीला नोकरी लागली. तिनं सरांसाठी धड्यांचं संकेतस्थळ बनवून दिलं होतं. पण पांढऱ्या पानावर सगळा कोड काळाच. मुलांचे डोळे ओळींमध्ये हरवत. म्हणून सरांच्या वाढदिवसाला तिनं मला आणायचं ठरवलं.

मला जोडायला दोन ओळी पुरतात. एक रंगांच्या फाईलची, एक माझी. हिमानीनं माझी ओळ अगदी वर, पानाच्या डोक्यावर लिहिली. झालं काय, की धडा पडद्यावर यायच्या आधीच मला हाक आली. मी रंग घेऊन धावलो, तर समोर सगळं कोरं! काय रंगवू? तसाच उभा राहिलो. तिनं कपाळाला हात लावला आणि माझी ओळ खाली, पानाच्या शेवटी नेली. आता पहिला धडा झकास रंगला. पण दुसरा उघडला तो काळाच. धडे एकाच पानात मागाहून उतरत होते आणि मला वाटत होतं, माझं काम आटोपलं. शेवटी प्रत्येक धड्यानंतर मला पुन्हा हाक मारायची, असं तिनं लिहून टाकलं. जाताजाता पानाची पार्श्वभूमी काळी कुळकुळीत केली आणि उरलेली अक्षरं पांढरी. "किती उठून दिसतंय!" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी झळकलो. मुलांनी टाळ्या पिटल्या. फुलंब्रीची राजनंदिनी तर उभीच राहिली. "सर, लई भारी दिसायलंय! आता लगेच कळतंय कुठं काय हाय ते."

"हौ, अच्छा है," सर म्हणाले.

मग ते धडा वाचायला लागले आणि अडखळले. तेच सर, जे आजवर कोड घडाघडा वाचत, ते पडद्याजवळ गेले, मागं आले, पुन्हा जवळ गेले. ओळीतला पहिलाच शब्द त्यांनी गाळला. मी त्या शब्दाला चांगला ठसठशीत लाल रंग दिला होता. मला काहीच समजेना. माझं काही चुकलं का? मी पुन्हा तपासलं. हुकमाचा शब्द, रंग लाल. सगळं बरोबर होतं.

"सर, तो लाल शब्द राहिला," राजनंदिनी म्हणाली.

"कोणता?"

"तो काय, समोर तर हाय!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी चष्मा पुसला. "उमर झाली बेटा," म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

पुढचे तीन आठवडे असेच गेले. मुलं माझं कौतुक करत. गावाकडून निरोप यायचे, 'धडे आता सोपे वाटतात.' आणि ज्यांच्यासाठी मला आणलं, ते सर माझ्याकडे पाहायचं टाळत. दुपारी क्लास रिकामा असला, की ते धडे कागदावर छापून घेत. छापताना माझे सगळे रंग गळून पडत आणि मी काळाच उतरे. मला वाईट वाटे. त्याहून जास्त गोंधळ होई. मुलांना मी आवडतो. मग सरांना का नको? मी चांगला की वाईट?

मग एका शुक्रवारी सरांनी हिमानीला फोन केला. मी पडद्यावर उघडाच होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"बेटा, पुढच्या महिन्यापासून क्लासला दुसरं कुणी तरी बघ. मला आता जमत नाही."

शनिवारी सकाळी हिमानी धापा टाकत जिना चढून आली. सर अजून यायचे होते. टेबलावर छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता. तिनं वरचा कागद उचलला आणि पाहतच राहिली. सरांनी हुकमाच्या प्रत्येक शब्दाखाली पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या. अवतरणातला मजकूर चौकटीत बसवला होता. शेऱ्यांपुढे बारीक फुल्या होत्या. माझंच काम त्यांनी रात्रंदिवस, एका काळ्या पेनानं केलं होतं.

सर दारात येऊन थांबले.

"सर, मी दिलेलं तुम्हाला आवडलं नव्हतं, तर सांगायचं ना," हिमानी म्हणाली. "मी काढून टाकलं असतं."

"आवडलं नाही असं नाय बेटा." सर खुर्चीवर बसले. "मला ते दिसतच नाही. तुम्ही लाल म्हणता ना, ते त्या काळ्यावर मला काळंच दिसतं. हिरवं मातकट दिसतं."

"कधीपासून?"

"जन्मापासून. एकविसाव्या वर्षी रेल्वेत लागलो होतो. मोहल्ल्यात मिठाई वाटून झाली होती. मग डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. ठिपक्यांत आकडे होते म्हणे. मला एकही दिसला नाही. सिग्नलचे रंग ओळखता येणार नाहीत म्हणून नोकरी गेली. लोक विचारायचे, तुला नेमकं झालं काय? त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. काळ्या-पांढऱ्यात कधी अडलंही नाही."

हिमानीनं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून माझी रंगांची फाईल उघडली. "बसा सर माझ्याजवळ. तुम्ही सांगा, मी बदलते."

पानाची पार्श्वभूमी पुन्हा पांढरी झाली. हुकमाचे शब्द जाड आणि गडद निळे. मजकुराखाली रेघ. शेरे तिरके. प्रत्येक बदलाला सर म्हणत, "हां, हे दिसलं," किंवा "नक्को, हे नाय." मला हे नवे कपडे विचित्र वाटले. आजवर मी रंग म्हणजेच मी, असं समजत होतो. रेघ ओढणं हेही माझं काम असतं, हे मला त्या सकाळी कळलं.

सोमवारी संध्याकाळी सरांनी पहिली ओळ न अडखळता वाचली. मग हातातली छडी खाली ठेवून मुलांकडे वळले.

"एक गोष्ट सांगायची राहिली. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. तुम्ही हसलात, त्यात तुमची चूक नव्हती. मी सांगितलंच नव्हतं."

राजनंदिनीनं मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या बाकावरून बासित उठला. बासित तिशीचा, वाळूजच्या कारखान्यातून सुटून क्लासला येणारा. महिनाभरात त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता.

"सर," तो म्हणाला, "मेरेकू भी नहीं दिखता. मला वाटलं, मला अक्कलच कमी हाय. उद्यापासून येणारच नव्हतो."

सर चालत मागच्या बाकाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बस इथं. आज पहिल्यापासून शिकू."

मित्रांनो, माझ्यानंतर माझ्या कितीतरी नव्या आवृत्त्या निघाल्या. मला बदलायला अजून कुणाला सवड झालेली नाही. कधी कधी एखादा नव्या धाटणीचा शब्द मला ओळखू येत नाही आणि मी तो कोराच सोडतो. जमलं तर माझी तेवढी काळजी घ्या. आणि माझ्यासारख्या कुणाला तुमच्या पानाला जोडाल, तेव्हा नुसतं पान किती सुंदर दिसतं ते पाहू नका. शेजारी बसलेल्याला एकदा विचारा, "तुला दिसतंय ना?" आणि तो नाही म्हणाला, तर हसू नका. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसा.