पंपाने पाळलेला न्येपी

मी एक जुना पंप आहे आणि मित्रांनो, अर्धं आयुष्य पाण्याच्या तळाशी काढूनही मला पोहता येत नाही! माशांच्या काचपेटीतलं पाणी नळीतून खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळून स्वच्छ होतं आणि मी ते पुन्हा वर चढवतो. उतरायला पाण्याला कुणी लागत नाही. चढायला मी लागतो.

कारखान्यातून निघताना माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘पाण्यात बुडवा किंवा बाहेर जोडा.’ काय ऐट होती तेव्हा मला! बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सुआर्तांनी मला घरी आणलं. त्यांची मुलगी सेकार त्यांना बापे म्हणते, आईला मेमे. मीही तसंच म्हणतो. बापे समुद्रात बुड्या मारून रंगीत मासे धरायचे. बुड्या मारता मारता त्यांचा उजवा कान गेला, डावाही मंदावला. डॉक्टरांनी बजावलं, आता खोल पाणी बंद. म्हणून घरातच मासे वाढवायचे ठरलं. काचपेटीत नारिंगी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आली आणि सगळ्या घराची आशा त्या जोडीवर बसली.

मला बुडवलं खालच्या टाकीत. माझा आवाज पाणीच गिळून टाकायचं. “किती गुणाचा! असून नसल्यासारखा,” मेमे म्हणायच्या. मी फुगायचो. पण सतत चालणारं यंत्र तापतं, मित्रांनो. माझी ऊब पाण्यात उतरायची आणि आमच्याकडचं पाणी आधीच कोमट. माशांनी अंडी घातली, ती पांढरी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. बापे माशांनाच बोल लावायचे.

एक दिवस सेकारने माझ्याजवळ हात घातला आणि ती किंचाळलीच. “बापे, हा पाणी तापवतोय! आपण अंडी उकडतोय!”

“मग सोबत सांबालची चटणी वाटायला घेऊ का?” मेमे म्हणाल्या.

मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता भंगार! पण मेमेंनी माझं पोट व्हिनेगरने घासलं आणि बापेंनी टाकीच्या कुशीला भोक पाडून मला बाहेर, जमिनीवर जोडलं. पाण्याच्या पातळीच्या खाली हं! वर बसवलं असतं तर पाणी आपणहून माझ्यापर्यंत आलंच नसतं, मी नुसती हवा चावत बसलो असतो. आता मला वारा लागू लागला. पाणी थंडावलं. माशांनी पुन्हा अंडी घातली आणि या वेळी ती पांढरी पडली नाहीत.

फक्त मी गुरगुरत होतो. सिमेंटची जमीन, कडक नळी, शेजारी भिंत. सगळं घर घुमायचं. बापेंनी वाकून सवयीने तो गेलेला उजवा कानच माझ्याजवळ आणला. “बघा! चूं नाही! कसं जोडलंय?” सेकारने मेमेंकडे पाहिलं. मेमेंनी तिला डोळ्यांनीच खुणावलं, राहू दे.

न्येपी, बालीच्या नव्या वर्षाचा मौनाचा दिवस, दोन दिवसांवर आला. त्या दिवशी बेटावर दिवा नाही, चूल नाही, काम नाही, आवाज नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार सुकादा काका दारात आले.

“सुआर्ता, म्हैस कधी बांधलीस घरात? घोरतेय!”

“कसली म्हैस?”

“तुझा पंप रे! परवा गप्प कर त्याला.”

“तो बोलतच नाही!”

तेव्हा सेकारने बापेंचा तळहात धरून माझ्यावर टेकवला. “बापे, हाताने ऐका.”

बापेंचा चेहरा पडला. “मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही इतके खूश होता...”

“म्हैस तर म्हैस,” मेमे म्हणाल्या, “नवरा हसतोय ना, म्हटलं.”

प्रश्न मात्र मोठा होता. अंड्यांत आता चंदेरी डोळे चमकत होते. ती न्येपीच्याच संध्याकाळी फुटणार! मला दिवसभर बंद ठेवलं तर अंडी गुदमरतील. पाण्यात बुडवलं तर पाणी तापेल.

“बुडवूया,” बापे म्हणाले, “आणि बर्फाच्या बाटल्या सोडूया.” बाटल्या आदल्या दिवशीच गोठवून ठेवल्या.

न्येपी उजाडला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दबकून चालत होतं. मी पाण्याखाली फिरत होतो, गपचूप. बाटल्यांतला बर्फ वितळत होता आणि पाणी गार राहिलं होतं! अंधार पडल्यावर सेकार चाचपडत आली. “आता तूही विश्रांती घे,” ती कुजबुजली आणि तिने माझं बटण बंद केलं. वाहत्या पाण्याबरोबर बाळं माझ्याकडे खाली आली असती, म्हणून! ही अंडी अंधारातच फुटतात, मित्रांनो, आणि त्या दिवशी अख्ख्या बेटाने अंधार धरला होता.

सकाळी उजेड आला. काचेपाशी सळसळ चालली होती, टाचणीच्या टोकाएवढ्या जिवांची.

“बापे, पोरं झाली!” सेकार त्यांच्या डाव्या कानात इतक्या जोरात ओरडली की गल्ली जागी झाली.

“ओरड, ओरड!” पलीकडून सुकादा काका म्हणाले. “न्येपी संपला!”

हुश्श! इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता मी पुन्हा बाहेर आहे. माझ्याखाली बापेंच्या दोन जुन्या रबरी चपला आहेत, नळीचा एक तुकडा मऊ आहे. घुमायचं बंद झालंय, फक्त मांजरासारखा गुरगुरतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला कोरडा चालवू नका, त्याच्यावर चढलेलं मीठ पुसा. पाण्यात ठेवा की बाहेर, पण मधूनमधून त्याच्यावर हात ठेवून बघा. बापे रोज कॉफीआधी ठेवतात. मी थरथरतो, त्यांना कळतं आणि मग ते हसतात.