दोनशे सतराची बत्ती

मॅनेजरने दोनशे सतरा नंबरचा बिल्ला फळ्यावरून काढून टेबलावर ठेवला. बत्तीवाल्याने तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. ही तिसरी खेप.

बाहेर काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. कोळसा संपला होता, खाणीचं तोंड आज बुजवायचं होतं. पण फळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी तोंड बुजवायचं नाही, हा कंपनीचाच नियम. उतरताना माणसाने बिल्ला फळ्याला लावायचा, बत्ती घ्यायची. वर आल्यावर बत्ती परत द्यायची आणि बिल्ला आपल्या हाताने काढायचा. दुसऱ्याचा बिल्ला काढला तर नोकरी गेली.

दोनशे सतरा म्हणजे बत्तीवाल्याचा थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तळातल्या बोगद्यात पाणी घुसलं तेव्हा तो खाली होता. कंपनीच्या मते नव्हता. मेला म्हणावं तर अपघात झाला असं व्हायचं, आणि अपघात न झाल्याबद्दल मिळालेली ढाल तर मॅनेजरच्या केबिनमध्ये लटकत होती. म्हणून तो गैरहजर होता. दर महिन्याला त्याच्या घरी नोटीस जाई. शेवटच्या नोटिशीत तर चांगलाच दम भरला होता: वर्तनात सुधारणा न झाल्यास खाणीत उतरण्यास मनाई करण्यात येईल.

त्या सगळ्या नोटिसा सुतळीने बांधून वहिनी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती.

“अहो, तो वर आला असणार,” मॅनेजर म्हणाला. “गेला असेल कुठेतरी निघून. घरी पटत नसेल.”

“पटत नव्हतंच,” वहिनी म्हणाली. “पण भांडायला न चुकता घरी यायचे.”

“वर आला, तर बत्ती कुठंय?” बत्तीवाल्याने बत्त्यांची वही पुढे सरकवली. “बत्ती परत घेतल्याशिवाय मी सख्ख्या बापाला फाटकाबाहेर सोडलं नाही.”

मिक्सरवाल्याने दारातून डोकं आत घातलं. “साहेब, माल घट्ट होत चाललाय. अर्ध्या तासात ओतला नाही तर मिक्सरलाच मूठमाती द्यावी लागेल.”

मॅनेजरच्या कपाळाची शीर तटतटली.

“काय पोरखेळ लावलाय? मेलाय तो माणूस. अकरा वर्षं तळात, पाण्याखाली पडलाय. सगळ्यांना ठाऊक आहे.”



वहिनी उठली. तिने वहीचं पान उघडून बोट ठेवलं.

“एवढंच इथं लिहा. खाली सही.”

मॅनेजरने घड्याळ पाहिलं, मिक्सर पाहिला, मग आपल्या केबिनच्या दिशेने पाहिलं. मग लिहिलं. अक्षर घाईचं होतं, पण लागत होतं. वहिनीने ते सहीपर्यंत सावकाश वाचलं, दोनदा. मग फळ्याकडे जाऊन बिल्ला काढला आणि पदराच्या टोकाला बांधला. नियमापासून तिळभर न हलणारा बत्तीवाला नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर बघत होता.

नोटिसांचा गठ्ठा तिने मॅनेजरपुढे ठेवला.

“एक रकाना राहिला,” बत्तीवाला म्हणाला. “बत्ती परत आली का?”

“राहू द्या, भावजी. लागेल त्यांना.”

बत्तीवाल्याने पेन झटकलं आणि लिहिलं, “वापरात.”